सफरचा शेवटचा बुधवार

सफर हा मुसलमानी वर्षाचा दुसरा महिना. मोहरमच्या पाठोपाठ येतो. मोहरमचे डोले, सवाऱ्या, सरबत हे सगळ्या गावाला माहीत असतं. सफर मात्र आला कधी आणि गेला कधी हे मुसलमानांशिवाय कुणाला कळत नाही. या महिन्यात ते लग्न करत नाहीत, लांबच्या प्रवासाला निघत नाहीत. पहिले तेरा दिवस तर फारच जड समजतात. त्यांना 'तेरा तेजी' म्हणतात. तेराव्या दिवशी उशाशी ठेवलेले हरभरे सकाळी उठून वाटून टाकायचे, म्हणजे पीडा त्यांच्याबरोबर जाते. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. आमच्या शेजारी मणियाराचं घर होतं, तिथून कळलेलं आहे. या महिन्याच्या शेवटच्या बुधवारी मी जे केलं ते लिहून ठेवावं असं बरीच वर्षं मनात आहे. आता माझी पन्नाशी उलटली. ज्यांना ते ठाऊक होतं त्यांतलं गावात कुणी उरलेलं नाही, आणि मी लिहिलं नाही तर ते घडलंच नाही असं होईल.

परभणीकडच्या हट्ट्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. वडील गावचे जोशी. पंचांग सांगायचे, तिथी काढून द्यायचे, पण घर चालायचं ते विहिरीखालच्या बारा एकरांवर. मी गावातल्या सरकारी शाळेत मास्तर होतो. सरकार म्हणजे निजामाचं. मणियार आणि त्यांची बायको माझ्या आईवडिलांच्या वयाची. मी त्यांना चाचा आणि चाची म्हणत असे. चाचा नांदेडहून बांगड्यांचा माल आणायचे आणि चाची घरोघर जाऊन बायकांना बांगड्या भरायची. तिचं तोंड हातापेक्षा जास्त चालायचं. नव्या नवरीनं हात आखडून धरला की म्हणायची, "ढिला सोड गं हात. म्या काय तुजी सासू हाय का?" नवरी हसायची, तेवढ्यात बांगडी मनगटावर गेलेली असायची.

सफरच्या शेवटच्या बुधवाराला ते 'आखरी चहार शंबा' म्हणत. पैगंबरसाहेब शेवटच्या दुखण्यात असताना त्या दिवशी त्यांना जरा उतार पडला, त्यांनी अंघोळ केली, ते बाहेर पडले, अशी समजूत. म्हणून त्या दिवशी सगळ्यांनी अंघोळ करून धुतलेले कपडे घालायचे आणि अनवाणी हिरव्या गवतावर चालायचं. पुढं दुखणं उलटलं, हेही चाचा सांगत. पण एक दिवस उतार पडला होता, त्याची आठवण धरायची.

त्यांचे महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतात. माझ्या लहानपणी हा बुधवार ऐन उन्हाळ्यात यायचा. तेव्हा आमच्या शिवारात हिरवं म्हणून काही असेल तर आमच्या विहिरीच्या पाटाच्या कडेला, आणि तीही हरळी. शेतकऱ्याला हरळीची काय कटकट असते ते सांगायला नको. कुदळीनं हातभर खाली गेलं तरी मूळ राहतं आणि मुळापासून ती पुन्हा सगळ्या वावरात पसरते. लोक ती खणून खणून मरतात. वडिलांनी मात्र पाटाच्या कडेनं वीस-पंचवीस पावलांचा पट्टा तसाच राखला होता. आमचा सालगडी त्यावरून त्यांना बोलायचा.

"मालक, लोकं हरळी उपटून राहिले आन आपण तिला मोटेचं पाणी पाजून राहिलो. उद्या कुणी काँग्रेस गवत आणून द्या म्हणलं तर तेबी लावाल."

हे शेवटचं वाक्य त्यानं तेव्हा म्हटलं असणं शक्य नाही. ते गवत पुष्कळ नंतर आलं. त्याचे नंतरचे टोमणे माझ्या डोक्यात मागच्यांत मिसळले आहेत. वडिलांचं उत्तर मात्र मला नक्की आठवतं. ते एवढंच म्हणायचे, "असू दे रे. एका बुधवारापुरती लागती."

महिना लागला की चाचा एक दिवस आमच्या ओसरीवर यायचे. चप्पल खाली काढायचे आणि विचारायचे, "महाराज, यंदा आमचा बुधवार कवा येऊन राहिला?" वडील पंचांग उघडायचे, बोटांवर मोजायचे, आणि सांगायचे, "अमुक बुधवार. पाट सोडून ठेवतो." मग त्या दिवशी सकाळीच मोट जुंपली जायची. चाचा, चाची, त्यांचा मुलगा, मुलगी, मोमिनांची दोन घरं असे दहा-बाराजण यायचे. चाची गुळाचे गुलगुले तळून आणायची. आमच्या आंब्याची पानं तोडून मुल्ला त्यांच्यावर केशराच्या पाण्यानं काहीतरी लिहून द्यायचा, ती पानं धुऊन ते पाणी सगळे प्यायचे. तासभर ओल्या हरळीवर फिरायचे आणि घरी जायचे. गुलगुले आम्हाला चालत नसत. ते गड्याला आणि पाटलांच्या घरी जात. पाटलांना ते फार आवडायचे.

मी वडिलांना एकदा विचारलं होतं, की शाळेत सरकारी कॅलेंडर आहे, त्यात ही सुट्टी छापलेली असते, मग चाचा तुम्हाला काहून विचारतात? वडील म्हणाले, "विचारू दे की. आपल्याला काय तकलीफ हाय?" मला वाटलं, चाचांना वाचता येत नाही म्हणून विचारत असतील.

अठ्ठेचाळीस साली रझाकारांचा जाच वाढला तेव्हा आम्ही गाव सोडून वऱ्हाडात पुसदकडे गेलो. पुष्कळ घरं गेली. निघताना वडिलांनी घराची किल्ली चाचांकडे दिली. वडील तिकडेच वारले. भाद्रपदात पोलीस ॲक्शन झाली, आणि आम्ही, म्हणजे मी, आई आणि बायको, परत आलो. घर जसंच्या तसं होतं. तुळस हिरवी होती. चाची रोज पाणी घालत होती. वृंदावनाला हात लागू नये म्हणून तांब्या उंच धरून लांबून धार सोडायची, असं शेजारणीनं आईला सांगितलं. पाटाकडेची हरळीही वाळलेली नव्हती.

मग वारं फिरलं, आता जाच मुसलमानांच्या वाट्याला आला. आमच्या गावात कुणी मारलं गेलं नाही. हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता ते मला पाठ झालं आहे. चाचांचा बांगड्यांचा पेटारा तीन-चार पोरांनी ओट्यावरून ओढून चावडीपुढं फोडला. ती पोरं माझ्या हाताखाली शिकलेली होती. मी शाळेत होतो. आवाज ऐकू आला होता. मोमिनांची दोन्ही घरं परभणीला निघून गेली, मुल्लाही गेला. चाचांचा मुलगा हैदराबादेत एका दुकानात कामाला होता, त्याचं भाद्रपदापासून पत्र नव्हतं. चाचीनं अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही, नुसती पडून राहायची.

मार्गशीर्षात एके सकाळी चाचा आमच्या ओसरीवर आले. चप्पल खाली काढली.

"मास्तर, जरा पंचांग बघता का? यंदा आमचा बुधवार कवा येऊन राहिला?"

वडील नव्हते, म्हणून मला विचारत होते. मी पंचांग काढलं आणि चाची कशी आहे असं विचारलं.

"पडून हाय. पन बुधवारचं लावून बसली. म्हणती, मला एकदा महाराजांच्या हरळीवर न्या, पाय टेकले की उठते का न्हाई बघा. आन न्हाई जमलं तर मंग चला लेकीकडं नांदेडला, हितं आपलं काय ऱ्हायलं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्या काय म्हणतो? चाळीस वर्सं तिचंच चालून राहिलं. आता कुठं माजं चालायचं?" ते हसले. मीही हसलो.

पंचांग माझ्यापुढं उघडं होतं. येत्या बुधवारी वद्य चतुर्दशी, गुरुवारी अमावस्या. म्हणजे शनिवारच्या आसपास कोर दिसणार आणि त्यांचा पुढचा महिना लागणार. शेवटचा बुधवार हाच, यात मोजण्यासारखं काही नव्हतं. तरी मी वडिलांसारखं बोटांवर मोजलं. आणि म्हणालो, "हा बुधवार नव्हे चाचा. याच्या पुढचा."

त्यांनी पंचांगाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बराबर बघितलं ना?"

"बराबर."

"तुमी म्हणता तर तसंच." ते थोडा वेळ तिथंच उभे राहिले, जणू मी आणखी काही बोलणार होतो. मी पंचांग बांधून ठेवलं. मग त्यांनी चप्पल घातली आणि गेले.

कारण सांगतो. जुन्या सरकारच्या मास्तरांना नव्या सरकारात ठेवायचं की काढायचं हे तेव्हा ठरत होतं. बाहेरून नवे शाळा तपासनीस आले होते. गावोगाव फिरून, कोण कसा आहे, कुणाशी कसा वागत होता, याची ते चौकशी करत. मी त्यांना आणि गावातल्या चार मंडळींना आमच्या शेतात हुरडा खायला बोलावलं होतं, आणि त्यांनी हाच बुधवार दिला होता. तपासनिसांसमोर आमच्याच पाटावर मणियाराचं कुटुंब फिरतंय, हे मला नको होतं. एका आठवड्यानं काय फरक पडतो, असं मी मनाशी म्हणालो. शनिवारी कोर दिसेल आणि खोटं उघडं पडेल हे मला कळत नव्हतं असं नाही. तोवर हुरडा उरकलेला असेल, असाही विचार मी केला होता.

बुधवारी दुपारी मंडळी आली. विहिरीजवळ आगटी पेटवली. कणसं अजून जरा कोवळी होती, पण गोड होती. आईनं तिळाची चटणी आणि दही दिलं होतं. घोंगड्या कुठं टाकाव्यात असं गड्यानं विचारलं तेव्हा तपासनीस स्वतःच पाटाकडं गेले. "इथंच बसू की. छान हिरवळ आहे." ते हरळीवर ऐसपैस बसले, बूट काढले, पाय लांब केले. मनमोकळे गृहस्थ होते. त्यांनी शाळेचं काहीच विचारलं नाही. हुरडा चोळायचा कसा ते गड्याकडून शिकून घेतलं आणि हात भाजला तेव्हा लहान मुलासारखे हसले.

गावचे पाटील माझ्या शेजारी बसले होते. सत्तरीचे, जाडजूड. त्यांनी दोनदा वाटेकडं पाहिलं. मग मला म्हणाले, "मास्तर, मणियार कसा आला न्हाई अजून?"

मी कणीस आगटीत फिरवत राहिलो. "काहून?"

"आवो, आज त्याचा गवतावर चालायचा बुधवार न्हाई का? म्या म्हणलं, हुरड्यासंगं गुलगुलेबी भेटतील. म्हणून तर सकाळपून पोटाला कमी खाल्लं."

मंडळी हसली. तपासनिसांनी विचारलं, हा काय सण आहे? पाटलांनी त्यांना सांगितलं, त्यांच्या पद्धतीनं, आणि शेवटी म्हणाले, "महाराज होते तवा लई बरं चालायचं." तपासनीस म्हणाले, "अरे वा. मग आज येणार का ते लोक? बघायला मिळालं असतं."

"आज नव्हे," मी म्हणालो. "पुढच्या बुधवारी."

पाटलांनी माझ्याकडं पाहिलं. "पुढच्या? उद्या अमुशा हाय ना? बैलं सोडून ठेवायची उद्या. मंग पुढचा बुधवार त्यांच्या महिन्यात कसा ऱ्हाईल?"

मी आगटीतलं कणीस बाहेर काढलं. सुदैवानं कुणाचा तरी हात भाजला आणि बोलणं तिकडं वळलं. पण माझं लक्ष आता हुरड्यात नव्हतं. अमावस्या कधी आहे हे गावात कुणाला माहीत नसतं? त्या दिवशी कुणी औत जुंपत नाही. बैलाला माहीत असतं म्हणतात. चाचांना सत्तर वर्षांत ते ठाऊक झालं नसेल? त्यांना बुधवार माहीत होता. दरवर्षी माहीत होता. वडिलांना ते तारीख विचारत नव्हते. तुमच्या शेतात येऊ का, असं तोंडानं विचारायला नको म्हणून ते पंचांग काढायला लावत. आणि वडील 'पाट सोडून ठेवतो' म्हणत, तेच उत्तर असायचं. मी पाटाचं काहीच बोललो नव्हतो. चाचा ओसरीवर उभे राहिले होते ते त्यासाठी. आणि 'पुढचा बुधवार' म्हणजे काय हे त्यांना तिथल्या तिथं कळलं होतं.

तेव्हा दिवस बराच वर होता. उठून गेलो असतो तर पाव तासात त्यांच्या घरी पोचलो असतो, त्यांना घेऊन आलो असतो. कुणी काही म्हटलं नसतं हेही आता दिसत होतं. पण यजमान मी होतो. तपासनीस उठेपर्यंत मी बसून राहिलो. ते गाडीत बसले तेव्हा सूर्य झाडांखाली गेला होता.

मी थेट चाचांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. चाची बाजेवर उठून बसलेली होती. तिची अंघोळ झाली होती, केस ओले होते, धुतलेलं लुगडं नेसलेली होती. बाजेखाली परात ठेवलेली होती. परातीत ओढ्याकाठचा लव्हाळा कापून पसरला होता आणि तिचे दोन्ही पाय त्यावर टेकलेले होते. लव्हाळ्याची पाती चरचरीत असतात. तिच्या पावलांना एक-दोन ठिकाणी ओरखडे दिसत होते. चाचा तिच्या पायांशी बसून लव्हाळ्यावर तांब्यातलं पाणी शिंपडत होते.

मला पाहून चाचीनं पदर सारखा केला. "ये बाबा. बस."

मी उभाच राहिलो. "चाचा, माझ्या मोजण्यात चूक झाली. आजचाच होता."

चाचांनी तांब्या खाली ठेवला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "हुईल. तुमी नवे हाव ना त्या कामात. महाराजांसारखं कसं जमंल लगीच?"

"उद्या सकाळी मी मोट जुंपतो. तुम्ही या दोघं."

"उद्या अमुशा," ते म्हणाले. "बैलाला तरास नगं." मग तांब्या पुन्हा उचलून, "पुढच्या बुधवारी येऊ की. तुमी म्हणला होता ना."

चाचीनं बोटानं परातीतली एक काडी बाजूला केली. मग मला म्हणाली, "सूनबाईला सांग, संक्रांतीच्या आधी बांगड्या भरून घे म्हणावं. फुटल्यातनं थोड्या ऱ्हायल्यात बऱ्या." हे ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच म्हणाली ते मला कळलं नाही. मी घरी आलो. बायकोला काही सांगितलं नाही.

शनिवारी बिजेची कोर दिसली. सगळ्या गावानं पाहिली. सोमवारी सकाळी चाचांच्या दाराशी एक बैलगाडी उभी होती. मी शाळेच्या खिडकीतून पाहिली. सामान फारसं नव्हतंच. चाचीला उचलून गाडीत बसवलं. किल्ली त्यांनी आमच्या घरी आईकडे दिली. आई म्हणाली, "मास्तरला भेटून जा." चाचा म्हणाले, "त्यांची शाळा हाय." त्याच दिवशी माझ्या बायकोला एका पुडक्यात बारा हिरव्या बांगड्या मिळाल्या. तिनं त्या संक्रांतीला घातल्या.

मी सांगितलेला बुधवार आला. मी शाळा लवकर सोडली, शेतात गेलो आणि गड्याला मोट जुंपायला सांगितली. पाट भरून वाहिला. आम्ही दोघं विहिरीवर बसून राहिलो. थोड्या वेळानं गडी म्हणाला, "मालक, आता ही हरळी कुणासाठी राखायची?" मी काही बोललो नाही. तो त्याला होकार समजला. फाल्गुनात त्यानं आणि त्याच्या भावानं आठ दिवस खणून ती काढली. मी त्याला थांबवलं नाही.

मला नोकरीत कायम केलं. तपासनिसांनी माझ्याविषयी चांगलं लिहिलं होतं, असं नंतर कळलं.

पुढं तीन-चार वर्षांनी मी कळमनुरीला जाताना वारंगा फाट्यावर मोटारीची वाट बघत होतो. तिथं एका झाडाखाली चाचा बांगड्यांची पेटी घेऊन बसलेले दिसले. वाळले होते. मला ओळखून त्यांनी हाक मारली, जवळ बसवून चहा पाजला. मला आधी चाचीचं विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. त्यांनी आपण होऊन सांगितलं.

"ती बरी हाय. तिकडं गेल्यावर उठली. चालती, फिरती, पोरीच्या सासूसंगं भांडती. म्हंजे बरीच म्हणायची."

मी हसलो. मनावरचं ओझं थोडं हलकं होईल असं मला वाटलं होतं. झालं नाही. मुलाविषयी विचारणं माझ्यानं झालं नाही, आणि तेही बोलले नाहीत. मोटारीची धूळ लांबून दिसायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "मास्तर, हरळी हाय ना अजून?"

"आहे," मी म्हणालो.

"पाट सोडत जावा," ते म्हणाले.

मोजण्यातली चूक धरली तर त्या माणसाशी मी तीनदा खोटं बोललो. पहिल्या वेळेचं कारण वर सांगितलं, दुसरं पहिलं झाकायला होतं. तिसऱ्या वेळेचं मला नीट सांगता येत नाही.

ती हरळी या भेटीनंतर एखाद-दोन वर्षांनी पाटाच्या कडेनं आपोआप फुटली. गड्यानं कुदळ घेतली तेव्हा मी राहू दे म्हणालो. आता सफर पुन्हा उन्हाळ्याकडे सरकतो आहे. शेवटचा बुधवार कोणता ते मी दरवर्षी पंचांगात बघतो आणि सकाळी पाट सोडतो. कुणी येत नाही. या, असं मी कुणाला कळवलेलंही नाही.